ती चकाकी सगळी रोमन नव्हे
पॉम्पेईच्या भित्तिचित्रांची चकाकी रोमन कारागिरांची, असं सांगणारा तुमचा लेख आवडला, पण एक दुरुस्ती. इटलीतल्या प्राचीन पॉम्पेई शहराच्या 'व्हिला ऑफ द मिस्टरीज' या घरात डायोनायसस या मद्यदेवतेच्या दीक्षाविधीची जी भित्तिचित्रं आहेत, त्यांची काचेसारखी चकाकी सगळी रोमन कारागिरांची नाही. 1909 मध्ये उत्खनन झाल्यावर रंग टिकावा म्हणून भिंतींवर मेणाचे थर दिले गेले. ते पुढे पिवळे पडले आणि त्यांनी आतली ओल अडवली. 2015 पर्यंत चाललेल्या संवर्धनात हे थर लेझरनेही उतरवले.

मेणाची कल्पना जुनीच. हिंगूळ हा लाल रंग उन्हात काळा पडतो, म्हणून प्राचीन रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगतो: भिंत वाळली की थोडं तेल घातलेलं वितळलेलं मेण ब्रशने लावा, निखाऱ्यांची धग देऊन ते पाझरू द्या, मग मेणबत्ती आणि तागाच्या स्वच्छ कापडाने घासा. धग महत्त्वाची, नाहीतर मेण वरच राहतं.

आणि या चित्रांच्या खोलीतला तो एक कोपरा नक्की बघा! पंखवाली आकृती एका भिंतीवर चाबूक उगारते, तर उघड्या पाठीची स्त्री लगतच्या भिंतीवर दुसरीच्या मांडीत डोकं खुपसून बसली आहे. फटका खोलीच्या मोकळ्या हवेतून जातो. सुटी छायाचित्रं छापली की नेमकं हेच हरवतं.