ते मोठं चाक म्हणजेच गिअर

पुढचं चाक प्रचंड, मागचं चिमुकलं अशा एका जुन्या सायकलच्या ('पेनी-फार्दिंग') फोटोखाली हा मजकूर सगळीकडे फिरतोय: 'चेनचा शोध लागला नव्हता आणि श्रीमंतांना उंचावरून मिरवायचं होतं, म्हणून पुढचं चाक एवढं मोठं. चढायला शिडी लागे. चेन आली आणि ही सायकल एका रात्रीत मोडीत निघाली.'

मिरवणारे मिरवत असतील, पण चाकाचं माप त्यावर ठरत नव्हतं. पायडलं थेट पुढच्या चाकाच्या हबला, म्हणजे मधल्या तुंब्याला, जोडलेली; पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. 36 इंची चाक एका फेऱ्यात 2.87 मीटर जातं, 54 इंची 4.31 मीटर. तेवढ्याच फेऱ्यांत दीडपट अंतर! मर्यादा फक्त पायाच्या लांबीची, त्यामुळे पँटसारखं चाकही मापानेच घ्यावं लागे. आजही पुढे 48 दाते, मागे 18 आणि चाक 28 इंची असेल, तर 48 भागिले 18 गुणिले 28, म्हणजे सुमारे 75 'इंची' गिअर म्हणतात. ते इंच या चाकाचे: थेट पायडलचं तेवढ्या व्यासाचं चाक एका फेऱ्यात तेवढंच जातं.

एवढं चाक लाकडी आऱ्यांचं केलं तर वजनानेच बसेल. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांच्या 1870 च्या 'एरियल' सायकलमध्ये ताणलेल्या तारा होत्या. पण हबमधून सरळ निघालेली तार पायडलचा पीळ नीट सोसत नाही: हब पुढे फिरतो, रिंग मागे रेंगाळते. म्हणून 1874 मध्ये स्टार्लीने तारा तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बसवल्या. तुमच्या सायकलचं चाक बघा, तशाच आहेत.

चेन तर होतीच. हेन्री लॉसनच्या 1879 च्या सायकलचं मागचं चाक चेनवर चालायचं. अडचण रस्त्याची होती: भरीव रबराचं लहान चाक प्रत्येक खड्ड्यात उतरतं, मोठं वरून निघून जातं. 1885 ची 'रोव्हर' ही लहान चाकांची, चेनवरची सायकल आली तरी हादरे होतेच. 1888 मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला, तेव्हा मोठ्या चाकाचा उरलेला फायदाही गेला. रात्र चांगली नऊ वर्षांची झाली.

राहिली शिडी. मागच्या लहान चाकाच्या वर, दांड्याच्या डाव्या बाजूला पायरी असते. हँडल धरायचं, डावा पाय पायरीवर, उजव्याने जमिनीला दोन-चार रेटे, आणि गती आली की सीटवर सरकायचं. 50 इंची सायकलवर 1884 ते 86 मध्ये जगप्रदक्षिणा करणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सने लाहोर ते कलकत्ता शिडी वाहून नेली नव्हती.

खरा धोका उतरणीला. सीट जवळजवळ आसाच्या वर. दगड लागला किंवा ब्रेक करकचून दाबला की स्वार आसाभोवती फिरून डोक्यावर पडे, आणि पाय हँडलखाली अडकत. म्हणून उतारावर काही जण दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकत: उडालोच तर निदान पाय आधी टेकतील.