अठरा लाखांचं पॅकेज आणि 31 मार्च

मराठवाड्यात कुणाला पगार विचारायची गरज पडत नाही, तो सगळ्यांना ठाऊकच असतो. फक्त प्रत्येकाला वेगळा आकडा ठाऊक असतो, आणि ‘एवढा पगार असून पुरत कसा नाही?’ या प्रश्नाची खरी मेख तिथंच आहे, असं माझं मत.

समजा, वाळूजच्या एखाद्या कारखान्यात 18 लाखांचं पॅकेज आहे. हा आकडा आपल्या आधी गावाच्या पारावर पोहोचतो. पारावरचा हिशोब सरळ असतो : भागिले बारा, महिना दीड लाख. भागाकार बिनचूक. अडचण इतकीच की हे दीड लाख कुणाच्याच खात्यात जमा होत नाहीत.

त्यातले दहा टक्के, म्हणजे 1 लाख 80 हजार, हे समजा ‘व्हेरिएबल’. ते वर्षातून एकदा मिळतात. तेही साहेबाला आपलं काम आणि बाजाराला कंपनीचा माल आवडला तर. बेसिक, म्हणजे मूळ पगार, पॅकेजच्या निम्मं, महिना 75 हजार. त्याच्या 12 टक्के पीएफ कंपनी ‘आपल्या खिशातून’ भरते, म्हणजे 9 हजार, पण मोजते मात्र आपल्याच पॅकेजात. ग्रॅच्युइटीपोटी बेसिकचे 4.81 टक्के, वर्षाला 43 हजारांच्या वर, तेही आजच धरलेले. मिळणार कधी, तर पाच वर्षं टिकून मग नोकरी सोडली की. राहिले महिना 1 लाख 22 हजार. त्यातून आपला स्वतःचा पीएफ पुन्हा 9 हजार. व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300. वर्षातल्या सगळ्यात तोकड्या महिन्यात शंभर जास्त कापायचे हे ज्याला सुचलं, त्याला माझा नमस्कार. आणि नव्या करप्रणालीत, 2025-26 च्या दरानं, व्हेरिएबलही मिळेल असं धरून, महिना 10 हजारांच्या आसपास आयकर.

‘बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही’ ही बातमी गावात सगळ्यांनी पाहिलेली असते. पगारदाराला 75 हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून ती सवलत पावणेतेरा लाखांपर्यंत जाते, इथपर्यंत खरं. पण उत्पन्न त्याच्या बरंच पुढं गेलं की कर बारा लाखांच्या पुढून लागत नाही, चार लाखांच्या पुढूनच मोजायला सुरुवात होते. हे पारावर समजावून सांगू नये. लोकांना वाटतं, आपण लपवायलोत.

तर हातात येतात 1 लाख 3 हजार. हा आकडा बायकोला आणि बँकेला माहीत असतो, त्यातही बँकेला आधी. बीड बायपासकडं घेतलेल्या फ्लॅटचं 40 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी असेल, तर हप्ता 34,713 रुपये. पहिल्या हप्त्यातले 28,333 व्याजात जातात, मुद्दल फिटतं 6,380. अर्धं मुद्दल फिटायला पावणेचौदा वर्षं लागतात, म्हणजे वास्तुशांतीला पाळण्यात असलेलं पोर तोवर लातूरला नीटच्या क्लासची चौकशी करायला लागतं. मध्येच व्याजदर वाढला तर बँक बहुतेक वेळा हप्ता तेवढाच ठेवते आणि मुदत लांबवते. खिशाला तेव्हा काही कळत नाही, ते निवृत्तीच्या सुमारास कळतं. गाडीचे 10 लाख सात वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतले तर आणखी 16,089. उरले 52 हजार आणि काही चिल्लर. शाळा, किराणा, विमा, टँकर, गावच्या सप्त्याची वर्गणी आणि लग्नसराईतला आहेर या सगळ्यांची नजर त्याच 52 हजारांवर.

तरीही नेटानं दोन-तीन लाख बाजूला पडतात. सहा महिन्यांचा खर्च आणीबाणीसाठी वेगळा ठेवावा, असं अर्थसल्लागार सांगतात. त्यांच्याकडं आणीबाणी न सांगता येत असेल. आमच्याकडं तिची तारीख ठरलेली आहे : 31 मार्च.

मार्च लागला की गावाकडं शेती बघणाऱ्या धाकट्या भावाचा फोन येतो. “दादा, नवं-जुनं करायचंय. तीन लाख टाक, चार दिवसांत परत देतो.” पीककर्ज मुदतीत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं, थकलं की सवलत गेली. म्हणून जुनं भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. मधल्या चार दिवसांचा पूल म्हणजे घरातला पगारदार. धाकटा खोटं बोलत नाही, चार दिवस हा त्याचा प्रामाणिक अंदाज असतो. पण जुनं भरायला पाच मिनिटं लागतात आणि नवं उचलायला सातबारा, आठ-अ आणि आसपासच्या बँकांच्या बेबाक्या, म्हणजे ‘आमचं काही येणं नाही’ असे दाखले, लागतात. एका बेबाकीवर शिक्का असतो पण सही नसते. सही करणारे साहेब वर्षअखेरीच्या कामात, त्यानंतर रजेवर, आणि ते आले त्या दिवशी लिंक नसते. तोवर आपल्या घराच्या हप्त्याची 5 तारीख उजाडते. खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता परत जातो, दंड लागतो आणि सिबिलवर डाग पडतो. मग लाखाच्या वर पगार घेणारा माणूस दंड सोसून एफडी मोडायला रांगेत उभा राहतो.

यात धाकट्याला बोल लावणं मला पटत नाही. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल होता. पण दाण्यात ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की सरकारी खरेदी केंद्रावरून माल माघारी येतो आणि मोंढ्यात पडेल त्या भावानं जातो. त्या घरात दर महिन्याला ठरल्या तारखेला येणारा पैसा एकच, आपला. त्यामुळं तो आपल्याला अपुरा आणि त्यांना अफाट वाटतो, आणि दोघांचंही खरं असतं.

एप्रिलअखेर तीन लाख परत येतात, पूर्ण येतात. त्याच आठवड्यात बोअरचा विषय निघतो. पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवतो, गाडी येते, दर फुटावर ठरतो आणि ठरावीक खोलीनंतर चढत जातो. केसिंगचे वेगळे. खाली काळा पाषाण. पाणी लागो की नुसता धुराळा निघो, फुटाचे पैसे तेवढेच. धुराळा निघाला तर विषय तिथं संपतो. पाणी लागलं तर मोटार, पाइप, केबल, स्टार्टर आणि वीजजोडणी. गाडी चालू असताना धाकटा तासातासाला फोन करून किती फूट झालं ते सांगतो, आणि इकडं वाळूजमध्ये आपण नेमकी कशाची प्रार्थना करायलोत, ते मात्र त्याला सांगता येत नाही.