ओजेइकेरे यांचा उल्लेख हवा होता

आजचे चित्रकार आफ्रिकी केशरचना इतक्या बारकाईने का रंगवतात, हे लेखात फार छान मांडलंय. पण या विषयात नायजेरियाचे छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे यायलाच हवेत. १९६८ पासून त्यांनी रस्त्यात, कार्यालयांत, लग्नांत दिसलेल्या बायकांच्या केशरचना टिपल्या. सगळं कृष्णधवल, पुष्कळदा मागच्या बाजूने. दोरा गुंडाळून उभ्या केलेल्या बटा, टाळूवर रेखलेले भांग. हे फोटो बघताना त्या केस गुंफणाऱ्या बायकांच्या हाताला मनापासून दाद द्यावीशी वाटते. त्यांची नावं मात्र कुठे येत नाहीत, याचं वाईट वाटतं.

चित्रकारांमध्ये मला अमेरिकेचे केरी जेम्स मार्शल सर्वांत थोर वाटतात. 'डी स्टाइल' (१९९३) या चित्रात केशकर्तनालय आहे आणि गिऱ्हाइकांचे केस थेट इमारतीसारखे उंच. २०१२च्या 'स्कूल ऑफ ब्युटी, स्कूल ऑफ कल्चर'मध्ये पार्लर गजबजलंय, आणि मध्येच परीकथेतल्या गोऱ्या राजकन्येचं, 'स्लीपिंग ब्युटी'चं, सोनेरी केसांचं डोकं तिरपं ताणून रंगवलंय. एक लहान मूल वाकून त्याच्याकडे बघतं. सौंदर्याची उसनी कल्पना त्या खोलीत कशी शिरलीय, ते एवढ्यातच कळतं.

कृष्णवर्णीय माणसं रंगवताना मार्शल एकच काळा रंग वापरत नाहीत. आयव्हरी, कार्बन, मार्स अशा वेगवेगळ्या काळ्या रंगांत दुसरे रंग मिसळून ते छटा काढतात. मोबाइलवर त्या सगळ्या सपाट दिसतात. लेखकाने पुढच्या भागात केसांचे जवळून घेतलेले तपशील जरूर द्यावेत.