गिरण्या संपाने बुडवल्या, हे कितपत खरे?

जानेवारी आला की गिरणी संपाविषयीचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा की कामगार नेते दत्ता सामंत यांच्या संपाने मुंबईच्या गिरण्या बुडवल्या, कामगार शिरजोर झाले की भांडवल पळते, आणि म्हणून विकास हवा असेल तर मजुरी बाजारावर सोडून संघटनांना आवर घालावा. तो अनेकांना पटतो, म्हणूनच त्याचा मुद्देसूद प्रतिवाद करायला हवा.

पहिला मुद्दा इतिहासाचा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि अनेक गिरण्या त्यानंतर सावरल्या नाहीत, हे मान्यच आहे. परंतु दुखणे जुने होते. बऱ्याच मालकांनी यंत्रसामग्रीत वर्षानुवर्षे पैसा घातला नव्हता, आणि कापड विणण्याचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे संपाच्या आधीपासूनच सरकत होते. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी केली, तेव्हा लालबाग-परळमध्ये सूत काढण्यापेक्षा जागा विकणे कितीतरी फायद्याचे ठरले.

शिवाय हे कामगार शिरजोर होते, असे म्हणण्याला आधार काय? मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ नुसार गिरणी उद्योगात वाटाघाटींचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगार मोठ्या संख्येने सामंतांच्या मागे गेले, तरी कायद्याने त्यांना आपला प्रतिनिधी बोलणीच्या टेबलावर बसवता येत नव्हता, आणि हा कायदा रद्द करावा ही संपाची एक प्रमुख मागणी होती. बदली कामगाराची अवस्था तर याहून बिकट होती. पाळी सुरू होण्याआधी त्याने गेटवर उभे राहायचे, कोणी कायम कामगार खाडा करील तर आत जायचे, नाहीतर मजुरीविना घरी परतायचे. ज्यांचे म्हणणे मांडायला अधिकृत वाटच नव्हती, त्यांच्या संपाला अति-ताकदीचा पुरावा म्हणणे मला सरळ अन्याय वाटतो.

दुसरा मुद्दा, मजुरी वाढली की रोजगार घटतो हा. मजुरांना घेणारे मालक मोजकेच असतील तर ते मजुरी उत्पादकतेच्या खाली दाबून ठेवू शकतात, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच मांडले होते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९९२ मध्ये किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले, तेव्हा शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना करता तिथल्या फास्टफूड दुकानांतील रोजगार घटल्याचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांना आढळले नाही. त्यावर वाद झाले आणि किमान वेतन कितीही वाढवले तरी चालेल असा त्याचा अर्थ नाही. पण मजुरीवाढ म्हणजे बेकारी हा सरधोपट नियम त्यानंतर टिकत नाही.

तिसरा मुद्दा विकासाचा. भारतातील कामगारधार्जिण्या कायद्यांमुळे नोंदणीकृत कारखानदारीची वाढ मंदावली, असा निष्कर्ष अर्थतज्ज्ञ बेस्ली आणि बर्जेस यांनी २००४ मध्ये काढला होता आणि तो वारंवार पुढे केला जातो. राज्यांनी कामगार कायद्यात केलेल्या दुरुस्त्यांचे त्यांनी जे वर्गीकरण केले, त्यावर अर्थतज्ज्ञ आदित्य भट्टाचार्जी यांनी घेतलेले गंभीर आक्षेप मात्र क्वचितच सांगितले जातात. संघटित कारखान्यांतील सुमारे ४० टक्के कामगार आज ठेकेदारामार्फत आलेले आहेत. साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात मशीनवर हात बसलेल्या माणसाला काही महिन्यांनी ‘ब्रेक’ दिला जातो, म्हणजे कामावरून कमी केले जाते, आणि त्याच्या जागी नवखा उभा राहतो. अशा माणसाला शिकवण्यावर मालक खर्च करीत नाही आणि कामातली चूक दाखवून देण्याची हिंमत तो माणूस करीत नाही. उत्पादकता इथेच मार खाते.

बाजारातल्या मागणीचेही तेच. २०२४-२५ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, रोजगार मात्र अवघा १.५ टक्के. ज्या अर्थव्यवस्थेचा निम्म्याहून अधिक भाग घरगुती खर्चावर चालतो, तिथे पगार मागे राहिले तर माल घ्यायचा कोणी?

वाटाघाटींचा प्रश्न आजही मिटलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार आस्थापनेत एकाहून अधिक संघटना असतील, तर एकमेव वाटाघाटी संघटना ठरण्यासाठी तिच्या मस्टरवरील (हजेरीपटावरील) ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो, आणि ठेक्यावरच्या कामगाराचे नाव सहसा ठेकेदाराच्या मस्टरवर असते; म्हणजे तो या मोजणीच्या बाहेरच राहतो.