गाणं आहे, पण तुमच्यासाठी नाही

गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपवरच्या तुमच्या यादीतलं एखादं आवडतं गाणं अचानक करडं पडलं, तर त्यावर पुन्हा पुन्हा बोट दाबू नका. ते तुमच्या देशात उपलब्ध नाही, एवढंच. ‘काल तर वाजत होतं’ ही तक्रार बालिश आहे. काल अ‍ॅपचा गाण्याच्या हक्कदारांशी करार होता, आज संपला. तुम्हाला कोण विचारणार? तुम्ही तर नुसते वर्गणीदार.

शिवाय मामला नाजूक असतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क एकाकडे, शब्द-सुरांचा दुसऱ्याकडे, आणि दोन्ही देशागणिक वेगवेगळे विकलेले. जर्मनीत यूट्यूब आणि ‘गेमा’ ही हक्कसंस्था यांचा मानधनाचा तंटा २००९ ते २०१६ चालला. तोवर तिथल्या श्रोत्यांना असंख्य गाण्यांच्या जागी एक हिरमुसलेला चेहरा दिसायचा. निदान कोणीतरी दुःखात सहभागी होतं!

तेव्हा धीर धरा. स्पॉटिफाय हे गाण्यांचं अ‍ॅप २००८ मध्ये युरोपात सुरू झालं, अमेरिकेत २०११ मध्ये पोचलं आणि भारतात २०१९ मध्ये. एवढ्या काळात गाण्याची ओढ आपोआप ओसरते.

कायद्याकडे मात्र आशेने पाहू नका. ग्राहकाचा देश बघून त्याला माल नाकारू नये, असा नियम युरोपीय संघाने २०१८ मध्ये लागू केला आणि संगीताच्या स्ट्रीमिंगला त्यातून अलगद वगळलं.

अगदीच राहवत नसेल, तर खात्याचा देश बदला. अ‍ॅपलच्या खात्यात त्यासाठी आधी शिल्लक रक्कम संपवायची, मग नव्या देशात चालणारं कार्ड द्यायचं. कार्डासाठी तिथल्या बँकेत खातं, खात्यासाठी पत्ता, पत्त्यासाठी घर, घरासाठी नोकरी. तीन मिनिटांच्या गाण्यापायी आयुष्य मार्गी लागतं ते असं.

व्हीपीएनचा, म्हणजे तुम्ही दुसऱ्याच देशात आहात असं भासवणाऱ्या सोयीचा, विचारही मनात आणू नका. आयपी पत्त्यावरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, अ‍ॅपवाल्यांनी तुमचा देश ठरवला तर तो नियम. तुम्ही तो पत्ता बदललात तर ती लबाडी.

आणि चोरीच्या संकेतस्थळांपासून तर चार हात लांबच राहा. तिथे म्हणे कुठलंही गाणं कुठल्याही देशात लगेच वाजतं, तुम्ही कुठले हे कोणी विचारत नाही. इतकी तत्पर सेवा संशयास्पदच. शिवाय गाणाऱ्याला तिथून छदामही मिळत नाही. बंद ठेवलेल्या गाण्याचा इथूनही मिळत नाही म्हणा, पण इथे तो कायदेशीररीत्या मिळत नाही.