‘पगारातच धरले आहे’
क्रीडा स्तंभलेखकांच्या मानधनात होणाऱ्या कपातीवरील लेख वाचला; त्यात पत्रकार व वृत्तपत्र कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाचा उल्लेख यायला हवा होता. ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित झालेल्या त्याच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वैध ठरवल्या आणि २०१७ मध्ये त्या कंत्राटी पत्रकारांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले; मात्र लेखामागे मानधन घेणारा बाहेरचा स्तंभलेखक कर्मचारीच नसल्याने त्याला त्यांचा आधार मिळणे कठीणच. आतल्या माणसाची अडचण वेगळी. आमच्या दैनिकात क्रीडा विभागातील दोघे कमी केल्यावर कबड्डीचे निकाल, रणजीचे धावफलक आणि पानाची जुळणी माझ्याकडे आली, आणि रात्री साडेअकराला पान छपाईला सोडल्यावर मी रविवारचा स्तंभ लिहायला बसत असे. त्याचे वेगळे मानधन मागितले, तेव्हा मिळालेले उत्तर वर शीर्षकात दिलेच आहे.