उंदीर पडला की घर सोडायचं

माझी आजी 'प्लेगात' हा शब्द कालगणनेसारखा वापरायची. अमका प्लेगाच्या आधीचा, तमकीचं लग्न प्लेगानंतरचं. घरात उंदीर पडला की भांडीकुंडी उचलायची आणि माळावर झोपडी घालून राहायचं, हे तिच्याकडून कितीदा तरी ऐकलंय.

हाँगकाँगला १८९४ मध्ये प्लेग पसरला आणि जहाजांच्या वाटेनं मुंबईत उतरला. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी मांडवीत तो ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची गोदामं, गोदामांत उंदीर, उंदरांच्या अंगावर पिसवा. पण पिसवांचा संशय तेव्हा कुणालाच नव्हता. सरकार रोग शोधत होतं माणसांच्या अंगावर आणि घरांतल्या घाणीत. १८९७ चा साथरोग कायदा आला आणि पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख असलेल्या रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घराघरांत शिरले. सामान बाहेर काढून जाळलं, बायकांनाही चारचौघांत तपासलं. मग लोक आजारी माणसं लपवायला लागले. दुसरं काय करणार होते?

फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदीर आणि पिसवांचं प्लेगाशी असलेलं नातं दाखवलं. ते सर्वमान्य व्हायला आणखी जवळपास दहा वर्षं गेली. खेड्यातल्या बायाबापड्या मात्र मेलेला उंदीर पाहूनच घर सोडत होत्या! त्यांना कुणी विचारलंच नाही, याचा मला आजही राग येतो.

लोकांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. मुंबईतली जवळपास निम्मी माणसं गाठोडी घेऊन पळाली आणि रोगही त्यांच्यासोबत गावोगाव गेला. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगाची लस तयार केली, जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली, तरी लोक घाबरले. पण दार ठोठावणारं सरकार आणि सुई घेऊन येणारं सरकार एकच असेल, तर दंड पुढे कोण करणार?

त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांना स्वतः उचलून आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात नेत होत्या. १० मार्च १८९७ ला त्या प्लेगानंच गेल्या. रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच्या तीन महिने आधी.

२०२० मध्ये कोरोनाच्या वेळी १८९७ चाच कायदा पुन्हा लागू झाला. हातांवर शिक्के बसले. आमच्या इमारतीत एका घरानं चार दिवस आजोबांचा ताप लपवला होता. दारावर पाटी लागेल, दूधवाला यायचा बंद होईल, म्हणून. शेवटी शेजारच्या काकूंनी डबा घेऊन जाऊन दार वाजवलं, तेव्हा कुठे ते उघडलं.